पायाला वाळू नको, कानाला ढोल नको

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

लहान मुलांच्या संवेदनांच्या अडचणींबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतून पत्रं आली. थेरपिस्ट लांब, एसटीचा दिवसभराचा फेरा आणि घरी परतल्यावर ‘आता करायचं काय?’ हा सूर जवळपास प्रत्येक पत्रात आहे. म्हणून उत्तरांचा भर घरी काय करता येईल यावर ठेवला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण वाळूत पाय टेकवत नाही, किंचाळते. फ्रॉकचं लेबल, मोज्याची शिवण, पावसात भिजलेली बाही, काहीच चालत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘सेन्सरी आहे, थेरपी करा.’ सासूबाई म्हणतात, ‘चेडवाक लाडान बिघडवलंस.’ हे नक्की काय आहे? ऑटिझम तर नाही ना? (वेंगुर्ला)

सासूबाईंना एक गोष्ट बघायला सांगा. खोलीत कोणी नसताना मुलगी मानेमागचं लेबल ओढते का? हट्टाला बघणारं माणूस लागतं आणि हवं ते मिळालं की तो उतरतो. टोचणारं लेबल एकटं असतानाही टोचतं.

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांच्याखेरीज मेंदूला आणखी तीन ठिकाणांहून खबर येत असते: आतल्या कानातून तोलाची, सांधे-स्नायूंमधून शरीराच्या ठेवणीची आणि पोटा-मूत्राशयातून भूक, तहान, शी-शूची. काही मुलांना यातली एखादी खबर फार जोरात पोचते, काहींना फार हळू. डॉक्टर ‘सेन्सरी’ म्हणाले ते हेच. एकाच मुलीला स्पर्श जोरात आणि तोल हळू, असंही असतं. अमेरिकेतल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) जीन आयर्स यांनी यावर मांडणी केली, १९७२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि आज जिला सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी म्हणतात ती तिथून आली.

मात्र अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत ‘सेन्सरी’ हा स्वतंत्र आजार नाही. संवेदना अति किंवा कमी जाणवणं हे तिथे ऑटिझमच्या लक्षणांपैकी एक आहे. ऑटिझम नसलेल्या पुष्कळ मुलांनाही हा त्रास असतो. म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला काय होतंय ते सांगितलंय, कशामुळे ते अजून शोधायचंय. नावाने हाक मारली की बघते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, तिला गंमत वाटलेली गोष्ट तुम्हाला दाखवायला आणते का, दोन-तीन शब्दांची वाक्यं स्वतःहून बोलते का, इतर मुलांत मिसळते का? यातल्या एक-दोन गोष्टी जरी अडत असतील, तर बालविकासतज्ज्ञांकडून ऑटिझमची रीतसर तपासणी करून घ्या. येत असलेले शब्द किंवा सवयी गळून पडल्या असतील तर त्याच आठवड्यात जा. सगळं ठीक असेल आणि त्रास फक्त वाळू-कपड्यांचा असेल, तर थेरपी पुरेशी आहे. दोन्ही बाबतींत कानांची तपासणी आणि रक्तातलं लोह बघून घ्या. कानात पाणी साठलेलं मूल किंवा लोह कमी असलेलं मूल चिडकं, अस्वस्थ असतं आणि त्याला ‘सेन्सरी’चा शिक्का बसून महिने वाया जातात.

आता वाळू. किनाऱ्यावरून सुरुवात करू नका, परातीतून करा. वाळू धुऊन, चाळून, उन्हात वाळवा. शिंपल्यांचे तुकडे राहिले तर पहिल्याच दिवशी टोचतील आणि काम बिघडेल. परातीत दोन बोटं जाडीचा थर, सोबत चमचा आणि करवंटी. पहिला आठवडाभर हात वाळूला लागलाच पाहिजे असं नाही, चमच्याने भरणं-ओतणं पुरे. मग आवडता प्राणी अर्धा पुरून ठेवा, ती चिमटीने उचलेल. बोटं सरावली की पायाची पाळी. आधी तळवे तुमच्या पंजाने घट्ट दाबा, आठ-दहा वेळा. गुदगुल्या होतील असं हलकं चोळू नका, अशा मुलांना हलका स्पर्श घट्ट स्पर्शापेक्षा जास्त खुपतो. खुर्चीवर बसवून पाय परातीत, तिला वाटेल तेव्हा बाहेर.

किनाऱ्यावर सकाळी लवकर न्या, वाळू तापायच्या आत. चटई पसरा, ती चटईवर उभी राहील. बाजूला पाण्याची बाटली आणि टॉवेल तिला दिसेल असा ठेवा. पाय लगेच धुता येतात हे ठाऊक असलेली मुलं जास्त वेळ टिकतात. ओहोटीच्या वेळची घट्ट ओली वाळू बऱ्याच मुलांना सुक्या भुसभुशीत वाळूपेक्षा सोपी जाते, कारण ती पायाखालून सरकत नाही. तुमच्या मुलीचं उलट असेल तर तिचं खरं. एक मात्र कोणालाही करू देऊ नका: दोन्ही दंड धरून ‘काही होत नाही गं’ म्हणत वाळूत उभं करणं. त्या एका मिनिटाने कमावलेले तीन आठवडे जातात.

लेबल कात्रीने कापू नका, उरलेला काठ आणखी टोचतो. शिवण उसवून मुळातून काढा. मोजे उलटे घालावेत. नवा सुती कपडा चार-पाच वेळा धुतल्याशिवाय घालू नका. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे वरून सुके वाटतात आणि इलॅस्टिकपाशी दमट राहतात, तेवढी पट्टी इस्त्रीने सुकवा. दप्तरात एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम असू द्या. रेनकोटचं गार प्लॅस्टिक अंगाला चिकटतं म्हणून मुलं तो फेकतात. आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घातला की निम्मी कटकट जाते.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. गुहागरहून पंधरवड्यातून एकदा थेरपीला नेतो. पाऊण तास दार बंद. आत झोपाळा, मोठे बॉल, रंगीत उशा. बाहेर आल्यावर ‘आज छान केलं’ एवढंच सांगतात. चार महिने झाले, फरक कळत नाही. चालू ठेवू की थांबवू? (गुहागर)

पुढच्या खेपेला आत बसायचं आहे असं सांगा. लहान मुलाच्या थेरपीत आईवडिलांना बाहेर ठेवायचं कारण क्वचितच असतं. मूल तुम्हाला बघून काम करत नसेल तर एखाद-दोन सत्रं बाहेर, पण मग शेवटची दहा मिनिटं आत बोलावून दाखवलं पाहिजे. पंधरा दिवसांतल्या पाऊण तासाने मुलाचा दिवस बदलत नाही. त्या पाऊण तासात तुम्ही जे शिकता, ते घरी रोज केल्याने बदलतो.

‘लक्ष वाढेल’, ‘सेन्सरी सुधारेल’ ही ध्येयं नव्हेत, कारण ती मोजता येत नाहीत. घरातली तुम्हाला सगळ्यात जड जाणारी एक गोष्ट निवडा. समजा, बालवाडीचा गणवेश. दोन आठवडे काहीही न बदलता कॅलेंडरवर फक्त नोंद करा: ‘सोमवार, १४ मिनिटं, रडला, दोनदा काढला. मंगळवार, ९ मिनिटं. बुधवार, घातलाच नाही.’ हे पान थेरपिस्टसमोर ठेवा आणि म्हणा, आठ आठवड्यांनी गणवेश पाच मिनिटांत आणि सहापैकी चार दिवस न रडता व्हायला हवा, त्यासाठी काय करू? चांगला थेरपिस्ट अशा पानाने खूश होतो. सोबत घरच्या गोंधळाचा दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ न्या, कारण क्लिनिकमध्ये मूल वेगळंच वागतं.

घरी करायचा कार्यक्रम लेखी मागा आणि त्यात तीन-चारच गोष्टी असू द्या. पंधरा व्यायामांचा कागद फ्रिजवर लागतो आणि तिथेच राहतो. प्रत्येक गोष्टीपुढे तीन रकाने हवेत: दिवसातून कधी, किती मिनिटं आणि कोणती खूण दिसली की थांबायचं. तिसरा रकाना बहुतेक कागदांवर नसतो, तो आवर्जून भरून घ्या.

बारा आठवड्यांनी नोंदी पुन्हा बघा. आकडा हलला नसेल तर आधी पद्धत बदलायला सांगा, आणखी बारा आठवड्यांत तरीही काही नाही तर थांबा. हा उद्धटपणा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१२ मध्ये हेच सुचवलं होतं: पुरावा मर्यादित आहे, तेव्हा ठरावीक मुदतीपुरता प्रयोग करावा आणि परिणाम तपासावा. तुमचे चार महिने म्हणजे जेमतेम आठ-नऊ सत्रं, तीही नोंदीविना. त्यावरून थेरपी वाया गेली असं ठरवता येणार नाही, आणि उपयोगी पडली असंही नाही. आजपासून नोंद सुरू करा.

कशावर पैसे घालू नयेत, तेही सांगून टाकतो. दर दोन तासांनी अंगावर ब्रश फिरवण्याची पद्धत, हेडफोनवर ऐकवायचं खास संगीत, वजनदार गोधडी: पहिल्या दोन्हींमागचा पुरावा कच्चा आहे. वजनदार गोधडीने ऑटिझम असलेल्या मुलांची झोप वाढते का, याची रीतसर चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. झोप वाढली नव्हती. लहान मुलाला स्वतः बाजूला सारता येणार नाही असं ओझं अंगावर घालून झोपवणं धोक्याचंही आहे.

थेरपिस्टची पदवी विचारायला संकोचू नका. व्यवसायोपचाराची पदवी इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षांची असते आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तीन महिन्यांचा कोर्स करून ‘सेन्सरी थेरपी’ची पाटी लावणारेही असतात. एसटीचा फेरा जड होत असेल तर महिन्यातून एक सत्र प्रत्यक्ष आणि एक व्हिडिओ कॉलवर, असं विचारून बघा. कॉलवर थेरपिस्ट तुम्हाला मुलासोबत काम करताना बघतो आणि हात कुठे चुकतोय ते सांगतो. अशा मुलांत त्याचा उपयोग बंद दारामागच्या झोपाळ्यापेक्षा जास्त होतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : साडेचार वर्षांचा मुलगा दिवसभर उड्या मारतो, मुद्दाम भिंतीवर आपटतो, धाकट्या बहिणीला मिठी मारून पाडतो. थेरपिस्टनी झोपाळा आणि ‘हेवी वर्क’, म्हणजे ओढण्या-उचलण्याची कामं, सांगितलंय. आमच्या पडवीत फळीचा झोपाळा आहेच. तो चालेल? किती वेळ? (मालवण)

चालेल. दुकानातल्या पिशवीसारख्या महागड्या झोपाळ्यापेक्षा आधी हाच वापरा. पण बसवण्याआधी कड्या तपासा. खाऱ्या हवेत लोखंड बाहेरून शाबूत दिसतं आणि जिथे कडी कडीवर घासते तिथे आतल्या बाजूने झिजतं. साखळी सैल सोडून प्रत्येक जोड उलटा करून बघा. तुळईतला आकडा हाताने हलत असेल तर झोपाळा बंद. फळी इतकी खाली घ्या की बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला पूर्ण टेकतील. मागे-पुढे भिंतीपासून किमान एक मीटर मोकळं, खाली जुनी वाकळ दुहेरी घडी करून.

सरळ रेषेतला संथ, एकसुरी झोका बहुतेक मुलांना शांत करतो. वेगाचा, झटक्याचा किंवा गोल फिरणारा झोका चेतवतो. म्हणून झोपण्याआधी जोरात झोके देऊन ‘दमेल आणि झोपेल’ म्हणणाऱ्यांचा हिशेब चुकतो. सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. बसून जमलं की पोटावर झोपवा: छाती-पोट फळीवर, हात खाली. जमिनीवर पाच करवंट्या मांडा. झोका पुढे आला की एक उचलायची, मागे गेला की टोपलीत टाकायची. यात मान आणि पाठ उचलून धरावी लागते, डोळ्यांना नेम लागतो आणि नुसत्या झोक्यापेक्षा काम दुप्पट होतं. पण ते दमवणारं आहे, दोन-तीन मिनिटांत थांबवा.

चेहरा पांढरा पडला, घाम आला, उलटीसारखं वाटलं, एकामागून एक जांभया आल्या किंवा हसू आवरेनासं झालं, तर झोका तिथेच थांबवा, जमिनीवर बसवा आणि खांद्यांवर घट्ट हात ठेवा. तुमच्या मुलासारख्या मुलांना चक्कर लवकर येत नाही, म्हणून घरची मंडळी दोर पिळून गरगर फिरवतात. मुलाला मजा येते आणि त्याचा त्रास तासाभराने, जेवणाच्या ताटावर दिसतो. गोल फिरवणं थेरपिस्टनी समोर दाखवल्याशिवाय नको. फिट्स येत असतील तर झोपाळ्याचं काम डॉक्टरांना विचारूनच.

आता ओढायची, ढकलायची, उचलायची कामं. सांधे-स्नायूंवर जोर आला की अशी मुलं स्थिरावतात. तुमचा मुलगा भिंतीवर आपटून हाच जोर शोधतोय. कोकणातल्या घरात यासाठी काही विकत आणावं लागत नाही. सोललेले दोन नारळ पिशवीत घालून मागीलदारातून स्वयंपाकघरात आणणं, छोट्या कळशीने तुळशीला पाणी, पडलेली झावळ अंगणातून ओढत नेणं, पोफळीच्या विरीवर बहिणीला बसवून ओढणं, भाकरीचं पीठ मळणं, ओली चादर दोघांनी दोन टोकांनी पिळणं. उचलायचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा: १५ किलोचा मुलगा असेल तर दीड किलो. ओढायचं-ढकलायचं वजन जास्त चालतं, कारण भार जमिनीवर असतो. बहीण मात्र घट्ट धरून बसेल आणि अंगण सपाट असेल हे बघा, जांभ्या दगडावर गुडघे सोलून निघतात. विहिरीच्या रहाटाजवळ हे काम नाही.

मुख्य गोष्ट वेळेची. मूल उधळल्यावर दिलेलं काम शिक्षेसारखं लागतं आणि उशीरही झालेला असतो. जिथे शांत बसायचंय त्याच्या आधी दहा-पंधरा मिनिटं द्या: बालवाडीला निघण्यापूर्वी, जेवणाआधी, संध्याकाळी पाहुणे यायच्या आत. परिणाम किती वेळ टिकतो हे मुलागणिक वेगळं. दोन आठवडे नोंदलंत की तुमच्या मुलाचं वेळापत्रक तुम्हालाच दिसेल. बहिणीला मिठी मारून पाडणं बंद करायचं असेल तर ‘मारू नको’ने होणार नाही. त्याला गादीची भिंत द्या, दोन गाद्या कोपऱ्यात उभ्या करून, आणि मिठी हवी तर आई-बाबांकडे यायचं हे ठरवून टाका.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी फक्त भात, दूध, बिस्किटं, साधं घावन खाते. मासे तळायला घेतले की ओकारी काढते. भातात गाजर कुस्करून लपवलं तर भातही सोडला. (देवगड)

लपवणं बंद करा, ताई. तिला खात्रीची वाटणारी पदार्थांची यादी आधीच तोकडी आहे, त्यातला भात तुम्ही संशयास्पद केलात. आता काही दिवस भात अगदी पूर्वीसारखा, पांढरा, तिच्या डोळ्यांदेखत वाढा.

आधी दूध मोजा. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त जात असेल तर भूकही मरते आणि लोहही उतरतं. हळूहळू खाली आणा. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. वजन घटतंय, पाणी पिताना ठसका लागतो, चावताना घास गालात साठतो, किंवा पूर्वी खायची ते पदार्थ एकेक गळत चाललेत, यातलं काहीही असेल तर घरचे उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. इतक्या कमी पदार्थांवर राहणाऱ्या मुलांत जीवनसत्त्वांची कमतरता होते, तीही तपासायला सांगा.

खाताना पाय लोंबकळत नकोत. पाटावर बसवा किंवा खुर्चीखाली स्टूल द्या. अंग सांभाळण्यातच शक्ती गेली तर चावण्याला उरत नाही. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत संपवा, उरलं तर उरलं.

नवा पदार्थ आणायचा तर जुन्याला धरून आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. घावन तिला चालतं ना? मग तेच घावन थोडं जाड. ते आठवडाभर पचलं की आंबोळी. आंबोळी जमली की त्याला नारळाच्या रसाचं बोट. भाताकडून उकड्या तांदळाची पेज जवळ आहे, पण पेजेत शीतं आणि पाणी वेगवेगळी लागतात आणि मिश्र पोत या मुलांना सगळ्यात अवघड. म्हणून आधी पेज घोटून एकजीव द्या. फोडणीच्या वरणात मोहरी आणि कढीपत्ता अचानक दाताखाली येतो, ते गाळूनच वाढा.

माशांच्या बाबतीत खाणं लांबच, आधी वास. तळण चालू असताना तिला अंगणात पाठवा. सुकट किंवा बोंबील भाजणार असाल तर तिच्या जेवणाच्या वेळी नको. मग पायऱ्या अशा: मासा त्याच पंगतीत, दूरच्या ताटात. मग शेजारच्या ताटात. मग तिच्या ताटाशेजारी वेगळ्या वाटीत, वाटाण्याएवढा तुकडा. मग चमच्याने ढकलणं, बोट लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, चाटणं, चावून थुंकणं. थुंकायची परवानगी हवीच. एकेका पायरीला चार दिवस लागतील, कधी पंधरा. तुकडा सुरमईचा, काटा बोटांनी चाचपून काढलेला. एकदा काटा लागला की वर्षभर मासा विसरा. एखादा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्याशिवाय ‘तिला आवडत नाही’ असं म्हणू नका. आणि ‘एक घास खा, मग मोबाइल’ हा सौदा नको: त्याने घास जातो, पण मोबाइल नसला की तोंड उघडत नाही.

प्रश्न : गणपतीत घरी पंचवीस माणसं असतात. आरतीच्या झांजांनी तीन वर्षांचा मुलगा कान दाबून थरथरतो. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा पलंगाखाली शिरला. त्याला सवय कशी लावायची? (दापोली)

ढोलापेक्षा झांज वाईट. उंच पट्टीचा, धातूचा आणि कधी पडेल ते न कळणारा आवाज अशा कानांना सर्वात जास्त लागतो. तयारी चतुर्थीच्या तीन आठवडे आधी सुरू करा. आपल्याच घरच्या गेल्या वर्षीच्या आरतीचं रेकॉर्डिंग कोणाच्या तरी फोनवर असेल. तो खेळात रमला असताना जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात रोज पाच मिनिटं लावा, आवाजाचं बटण त्याच्याच हातात द्या. चार-पाच दिवसांनी एक रेघ वर. कान दाबले की एक रेघ खाली, बंद नाही. दुसरीकडे खरी झांज हाताळू द्या: आधी कापडात गुंडाळून, मग उघडी, वाजवणारा तोच. स्वतः काढलेला आवाज दुसऱ्याने काढलेल्यापेक्षा कमी लागतो.

कानावर बसणारे मुलांच्या मापाचे इअरमफ घ्या. ते आवाज साधारण २० ते २५ डेसिबलने उतरवतात. गणपतीच्या दिवशी पहिल्यांदा घातले तर तो फेकून देईल, आधी घरी सराव हवा. मात्र दिवसभर कानावर ठेवू नका. सतत शांततेत राहिलेला कान आणखी हळवा होतो. आरतीपुरते घालायचे, संपली की काढायचे. अंतराचाही उपयोग करा: उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. पालखी खळ्यात नाचत असेल तर त्याला कडेवर घेऊन शेजाऱ्यांच्या गडग्यापलीकडून बघा. फटाक्यांना मात्र इअरमफही पुरत नाही. चार मीटरवर १२५ डेसिबल ही कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादाच आहे, तेव्हा तिथून त्याला न्याच.

माजघरापलीकडची एखादी खोली त्याची म्हणून ठरवा. तिथे पाहुण्यांच्या बॅगा नकोत, मंद उजेड, त्याची उशी. आरतीआधी एकदा सांगा: ‘तीन आरत्या, मग मंत्रपुष्पांजली, मग मोदक.’ आरत्या किती होणार ते भटजींना किंवा काकांना आधी विचारून घ्या, कारण ऐन वेळी सातवी आरती निघाली की तुमचा शब्द खोटा ठरतो. मुंबईहून येणाऱ्यांना फोनवरच सांगून ठेवा: मागून उचलायचं नाही, गालगुच्चे नाहीत, समोरून येऊन टाळी द्यायची. वाईट वाटेल एखाद्या आत्याला, वाटू द्या.

तरीही कोसळलाच तर बोलणं बंद करा. समजावणं, ‘बघ बाप्पा रागावेल’, चार माणसांनी घेरणं, हे सगळं आवाजात आणखी भर घालतं. खोलीत न्या, दिवा बारीक करा, तो घेऊ देत असेल तर घट्ट जवळ घ्या, नाहीतर हातभर अंतरावर नुसतं बसा. वीस मिनिटं लागतात, कधी जास्त. त्याच आरतीला परत आणू नका.

प्रश्न : केस कापणं, नखं, दात घासणं. तिन्हींना दोन माणसांनी धरावं लागतं. (अलिबाग)

धरणं थांबवा, तोवर पुढचं काही लागू पडणार नाही. नखं अंघोळीनंतर मऊ असताना, एका दिवशी दोनच बोटांची. आधी प्रत्येक बोटाचं पेर दाबून. झोपेत कापली तरी चालतं, पण मग ते शिकणं नव्हे, नुसती सोय. केसांना मशीन नको, थरथर कवटीत घुमते, कात्री. मानेत पडलेले केसच जास्त सतावतात, म्हणून मानेभोवती मऊ टॉवेल घट्ट आणि दर मिनिटाला झटकणं. न्हावीदादांना दुपारच्या रिकाम्या वेळी घरी बोलावा आणि अर्धंच डोकं झालं तरी उरलेलं उद्या, हे त्यांच्याशी आधीच ठरवा. दातांना लहान डोक्याचा मऊ ब्रश. पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, फेस कमी करणारी आणि बिनतिखट. पुदिन्याची पेस्ट या मुलांना चटका दिल्यासारखी लागते. आधी गालांवरून जबडा तळव्याने दाबा, मग पुढचे दात मोजून दहापर्यंत, थांबा, मग मागचे. दहाला थांबायचं म्हटलं की दहालाच थांबा.

प्रश्न : सेन्सरीसाठी अपंगत्वाचा दाखला मिळतो का? सरकारी मदत काय आहे? (कणकवली)

फक्त संवेदनांच्या अडचणीवर दाखला मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, ‘सेन्सरी’ नाही. ऑटिझमचं निदान झालं असेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून होते. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व नोंदलेलं लागतं. दाखला हाती आला की राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचा अर्ज करा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

दाखला नसला तरी एक दार उघडं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. सेविकाताईंना तारीख विचारून त्या दिवशी स्वतः हजर राहा, कारण घाईत तपासलेलं, गप्प बसलेलं मूल ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. तुमच्या नोंदींचं पान डॉक्टरांना दाखवा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी, म्हणजे डीईआयसीसाठी, चिठ्ठी मागून घ्या. तिथली तपासणी मोफत असते. जाण्याआधी थेरपिस्ट कोणत्या वारी असतात ते फोनवर विचारा, नाहीतर पहाटेची एसटी फुकट जायची.